सरावलीच्या थांब्यावर अडलेली गाडी

बोईसरला जाऊन आलो असं सांगितलं की वाईतली माणसं एकच विचारतात, "तिथं बघण्यासारखं काय आहे?" काशी-रामेश्वरला जाऊन आलो असतो तर कुणी असं विचारलं नसतं. मी तेलाचा व्यापारी. माझा एरवीचा प्रवास म्हणजे सांगलीला जाऊन शेंगतेल बघायचं आणि दुकान उघडायच्या आत परत यायचं. तेव्हा बघण्यासारखं काय असतं हे मला तरी कुठं माहीत आहे? पण त्या पाच दिवसांत जी माणसं भेटली त्यांचं कुणापाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही गेलो होतो मुलीला आणायला. मीना आमची एकुलती एक. जावई दिलीपराव बोईसरच्या एका कारखान्यात, आणि बिऱ्हाड जवळच सरावलीला, भाड्याच्या दोन खोल्यांत. पहिल्या खेपेला बाळ हाती लागलं नाही. तार मिळून आम्ही पोचलो तोवर दोन दिवस होऊन गेले होते. परक्या मुलखात पोर एकटी पडली, आणि आई असून नसल्यासारखी, हे सुमतीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, मनातून कधीच गेलं नाही. या खेपेला बाळंतपण माहेरीच, असं तिनं ठरवलं होतं. सातव्यातच आणायचं, पण डॉक्टरनं महिनाभर पडून राहायला सांगितलं. आठव्यात मोकळीक दिली तीही अटीवर. रेल्वेची धक्काबुक्की, गाड्या बदलणं बिलकूल चालणार नाही. गाडीनं, सावकाश, वाटेत मुक्काम करत न्या.

गाडी आमच्याकडे होती. गावातल्या एका डॉक्टरांकडून घेतलेली वीस वर्षांची जुनी गाडी. घरात तिचं नाव डॉक्टरीण. चार वर्षांत तिनं आम्हाला कधी दगा दिला नव्हता. खरं म्हणजे चार वर्षांत ती पाचगणीच्या पलीकडं गेली नव्हती.

ठाण्याहून निघालो

फाल्गुनाचे दिवस. पहिला मुक्काम ठाण्याला चुलतभावाकडे. तिथवर गाडी उत्तम चालली, पण सुमतीचे हाल झाले. पेट्रोलच्या वासानं तिला खंबाटकीच्या घाटात एकदा आणि बोरघाटात दोनदा उलटी झाली. "मला असं होतंय तर पोरीचं काय होईल?" असं ती म्हणाली तेव्हा मी कामाला लागलो. वास कुठून येतो ते हुंगत हुंगत शोधलं. टाकीच्या झाकणाला मधोमध एक बारीक भोक होतं, तिथून येत होता. गळक्या टाकीला साबण लावतात हे मी ट्रकवाल्यांकडून ऐकलेलं. भावाच्या मोरीतली धुण्याच्या साबणाची वडी घेतली, ओला साबण त्या भोकात चेपून बसवला आणि वरून अंगठ्यानं गुळगुळीत केला. सकाळी निघालो तर वासाचं नाव नाही. सुमतीनं घोडबंदरच्या रस्त्यावर कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली आहेत, त्यामुळे ते कौतुक मला चांगलंच लक्षात आहे.

मनोरला हमरस्ता सोडून पालघरकडे वळलो. आमच्याकडचे डोंगर उघडेबोडके. इथले सागाचे, पानं गळलेले, आणि मधूनच पळस पेटलेला. सूर्या नदीच्या पुलाच्या अलीकडे डॉक्टरिणीनं दोन गचके दिले आणि ती थांबली. सेल्फ मारला की इंजिन झोकात फिरायचं, खर्रखर्रखर्र, पण पेट घ्यायचं नाही. मला गाडीतलं तीन गोष्टींपुरतं कळतं. पाणी पाहिलं, ऑइल पाहिलं, झाकण काढून पेट्रोल पाहिलं. सगळं होतं. तोवर सुमतीनं रस्त्याकडेच्या शेंदूर लावलेल्या दगडापुढे नारळ फोडला. परत सेल्फ मारला, आठ-दहा वेळा खरखरली आणि सुरू झाली. पालघर येईपर्यंत सुमती नारळाचा महिमा सांगत होती. इंजिन तापलं होतं, ते निवलं म्हणून चाललं, हे माझं मत मी मनातच ठेवलं. दोघांचंही चुकलं होतं, पण ते कळायला दुसरा दिवस उजाडायचा होता.

सरावलीचा थांबा

बोईसर म्हणजे डोंगर नाही की देऊळ नाही. भोंगे, धुराडी, रस्त्यानं तीनचाकी रिक्षा आणि हवेत औषधाच्या दुकानासारखा वास. मीनाचं घर फर्लांगभर राहिलं असेल, तेवढ्यात डॉक्टरीण पुन्हा बसली. बसली तीही कुठं, तर पाळीच्या बसथांब्यासमोर. दुपारच्या पाळीला जाणारे वीसपंचवीस जण डबे घेऊन उभे होते. आता माणसं हसणार, म्हणून मी मान खाली घातली.

हसलं कुणी नाही. एक सावळा, ठेंगणा माणूस डबा शेजारच्याच्या हातात देऊन पुढं आला. "काका, काय झालं गाडीले?" म्हणाला. महाजन त्याचं नाव, जळगावकडचा, कारखान्यात फिटर. मी आजार सांगितला. त्यानं मला एकदा सेल्फ मारायला लावला, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "फिरते पण पेटत नाही. म्हणजे बॅटरी चांगली. आता बघायचं दोनच. पेट्रोल येतं का, आणि स्पार्क येतो का. एकेक बघू, घाई नाही करायची." त्यानं टाकीचं झाकण काढलं, कडुलिंबाची काडी बुडवली, ओली काडी मला दाखवली, झाकण लावलं. तेवढ्यात त्याची बस आली.

मला वाटलं, झालं, हा चालला. तो चाललाच, पण जायच्या आधी त्यानं खिशातून सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा काढला, त्यावर पेन्सिलीनं लिहिलं, 'पेट्रोल आहे. स्पार्क बघणे. महाजन.' आणि पाळी सुटून त्याच बसमधून उतरणाऱ्या एका उंच माणसाच्या हातात तो दिला. "यादव, चार्ज घे," एवढंच म्हणाला आणि बसमध्ये चढला. यादव म्हणजे विजेच्या कामातला, उत्तर प्रदेशातला. आठ तास राबून उतरलेला माणूस. पण त्यानं पुठ्ठा वाचला आणि बाह्या वर केल्या. "चाचाजी, आप बैठिए. मैं बोलूँ तब सेल्फ मारिए."

आमच्या वाईला गाडी बिघडली तर मिस्त्री किल्ली ठेवून घेतो आणि परवा या म्हणतो. इथे माझं दुखणं एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे सोपवलं गेलं होतं, तेही ना ओळख ना पाळख असताना. यादवनं प्लग काढला, वायर लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि मला सेल्फ मारायला सांगितला. निळी ठिणगी चट्‌चट्‌ उडत होती. त्यानं ती मला बोलावून दाखवली, प्लग पुसून परत बसवला. पुन्हा सेल्फ मारला आणि डॉक्टरीण सुरू! "प्लग में कचरा था," यादव म्हणाला. पुठ्ठ्यावर त्यानं 'स्पार्क ठीक' लिहून खाली सही केली आणि पुठ्ठा मला दिला. चहालाही थांबला नाही. मी खिशात हात घातलेला पाहून मात्र त्यानं असं काही तोंड केलं की मी हात तसाच बाहेर काढला.

थांब्याजवळच्या नळावर एक बाई हंडा भरत होती. ती सगळं बघत होती. आमची गाडी सुरू झाल्यावर तीही हंडा घेऊन चालू लागली, आणि आम्ही रस्त्यानं वळसा घालून मीनाच्या दारात पोचतो तर हीच बाई तिथे पाणी ओतत होती! जानी तिचं नाव. वारली, मूळची जव्हारकडच्या डोंगरातली. पावसाळ्यात गावी नाचणी-भात करायची आणि सुगी झाली की नवऱ्याबरोबर इकडे कामाला यायची. या वर्षी मीनासाठी ती पाऊस सरल्यावर लगेच आली होती. पाणी, धुणी, आणि मीना पडून होती तेव्हा स्वयंपाकसुद्धा. सुमतीनं तिनं आणलेल्या पाण्यानं हातपाय धुतले खरे, पण पाणी दुसऱ्या माठातलं प्यायली. मीनाच्या ते लक्षात आलं.

चाचणी

दिलीपराव शांत माणूस, पण कारखान्यात काम करून त्यांना एक खोड लागली आहे. यंत्राचा त्यांना तोंडी भरवसा चालत नाही. दोनदा बंद पडल्याचं कळल्यावर ते म्हणाले, "मामा, उद्या गाडी तारापूर-चिंचणीपर्यंत नेऊन आणू. बंद पडली नाही तर परवा मीनाला न्या. बंद पडली तर मी तिला गाडीत बसवणार नाही. घाटात बंद पडली आणि तिथेच काही झालं, तर मी काय करू?"

ते पहिल्या बाळाबद्दल कधी बोलत नाहीत. त्या एका वाक्यात मात्र सगळं आलं. सुमतीचं तोंड उतरलं. इतक्या लांबून येऊन मुलीला न घेता जायचं, हे तिला मरणासारखं होतं. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

दुसऱ्या दिवशी दिलीपराव, मी, आणि मागे सुमती व जानी असे निघालो. जानीला चिंचणीच्या बाजारातून सुकी मासळी आणायची होती. रस्ता मोठा देखणा. ताडाची झाडं रांगेनं, मधे मिठागरांचे पांढरे ढीग, लांब अणुवीज केंद्राची इमारत आणि तिच्या मागे एकाएकी समुद्र. आमच्याकडे कृष्णेचा घाट म्हणजे पाण्याची परमावधी. एवढं पाणी बघून सुमतीनं गाडीतूनच हात जोडले. चिंचणीला आम्ही ताडगोळे खाल्ले. सोलणारा कोयत्यानं असे काही अलगद काढत होता की आतलं पाणी सांडत नव्हतं. जाताना गाडी एकदाही अडखळली नाही. सुमती खुलली होती. जानीनं जवळा आणि बोंबील असे दोन पुडे आणले आणि गाडीत जो घमघमाट सुटला त्यापुढे पेट्रोलचा वास म्हणजे अत्तर. सुमतीनं नाकाला पदर लावला पण तक्रार केली नाही. परवा मुलगी घरी येणार होती. बोंबलांनाही क्षमा होती.

परतताना निम्म्या वाटेवर डॉक्टरीण थांबली.

दिलीपरावांनी माझ्याकडून पुठ्ठा मागून घेतला. पेट्रोल आहे, महाजन. स्पार्क ठीक, यादव. "हे दोन्ही झालंय," म्हणाले आणि भलतंच काही खोलायला लागले. मी म्हटलं, पेट्रोल परत बघू का? तर म्हणाले, "सही झालेलं काम पुन्हा उघडायचं नसतं, मामा. आमच्यात तो अपमान असतो." एक तास गेला. एअर फिल्टर काढला, बसवला. ठिणगीचे पॉइंट घासले. सेल्फ मारून मारून बॅटरी दमत आली. सुमती रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसली होती. डोळे पुसत होती, मला दिसू नये म्हणून समुद्राकडे तोंड करून. मला त्या वेळी डॉक्टरिणीचा इतका राग आला होता की तिला तिथंच खाडीत ढकलावी.

जानी बराच वेळ पुड्यांवर बसलेल्या माश्या हाकत होती. मग माझ्याजवळ आली. "बाबा, रागवू नका. मी एक सांगू काय?"

"सांग बाई. आता तूच राहिलीस सांगायची."

"मला गाडीतला काय कळत नाय. पन काल मी नळाव होती. त्या महाजनान झाकन खोलला, तवा ती फुस्स करून श्वास घेतली. मी आयकला. मंग ती चालू झाली. तुमी पुलाजवल पन झाकन खोलला होता, आई सांगत होती. मंग चालू झाली. आज कोनी झाकन खोललाच नाय."

दिलीपराव पाना हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. मी झाकणाला हात घातला. फिरवलं मात्र, आणि फुस्स! एखाद्या दमेकऱ्यानं घ्यावा तसा टाकीनं लांबलचक श्वास आत ओढला. झाकण उलटं केलं. मधोमध माझा साबण, अंगठ्यानं गुळगुळीत केलेला.

मी मटकन खाली बसलो. अहो, उभा जन्म मी तेलाचे डबे फोडले. डब्याला एका कोपऱ्यात भोक पाडलं की समोरच्या कोपऱ्यात दुसरं पाडायचं, नाहीतर तेल गुळूगुळू करून अडतं, हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येत नाही, हे मी दुकानातल्या प्रत्येक नोकराला शिकवलं, वेळप्रसंगी टपली मारून शिकवलं! आणि स्वतःच्या गाडीच्या टाकीचं दुसरं भोक स्वतःच्या हातानं बुजवून कौतुक करून घेतलं. टाकीत पेट्रोल होतं, पण हवाच आत जात नाही म्हणून इंजिनाकडे जाईना. महाजन खोटं बोलला नव्हता. यादवही नाही. झाकण उघडलं की आजार बरा व्हायचा आणि श्रेय जो जवळ असेल त्याला मिळायचं. एकदा तर ते शेंदराच्या दगडाला मिळालं.

जानीनं केसातली पिन काढून दिली. त्या पिनेनं मी साबण टोकरून काढला. दहा खरखरांनंतर डॉक्टरीण गुरगुरली आणि मग घरापर्यंत काय, वाटेल तिथं जायला तयार असल्यासारखी धावली. दिलीपरावांनी पुठ्ठ्यावर तिसरी ओळ लिहिली, 'झाकण. जानी,' आणि जानीला विचारलं, "सही करतेस?" ती लाजून हसली आणि पेन्सिलीनं एक फुली मारली. सुमती तिच्याशेजारी बसून आली, बोंबलाच्या पुड्याला खेटून.

निमित्त संपलं

संध्याकाळी सुमतीनं मीनाची पेटी भरायला घेतली. दोन लुगडी ठेवली असतील, तोच मीना म्हणाली, "आई, थांब जरा. बाबा, तुम्हीपण बसा."

ती भिंतीला टेकून बसली होती. "गाडी बिघडली तेव्हा मला बरं वाटलं होतं," ती म्हणाली. "वाटलं, आता मला काही बोलावंच लागणार नाही. पण ती नीट झाली, म्हणून खरं सांगते. मला इथंच राहायचंय."

सुमती म्हणाली, "अगं, मागच्या वेळी इथं एकटी—"

"एकटी नव्हते गं. तुम्ही तसं समजून बसलात. मी सांगायचं टाळलं, कारण तुम्हाला वाईट वाटलं असतं की तुम्ही नव्हता आणि दुसरं कुणी होतं. जानी दोन दिवस माझ्या पायाशी बसून होती. हे शुद्धीवर नसल्यासारखे झाले होते. बाळाला न्यायचं होतं ना, ते महाजनभाऊंनी नेलं. या चाळीतल्या एकाही घरात चूल पेटली नव्हती. आई, त्या सगळ्यांनी माझं ते बघितलंय. आता हेही त्यांच्यातच व्हावं असं मला वाटतं. तुझ्या मायेला मी कमी म्हणत नाही."

मला महाजनचे ते ठेंगणे, ग्रीस भरलेले हात आठवले. काल त्या हातांनी काडी बुडवून मला दाखवली होती, आणि मी कुणाचा बाप आहे हे त्याला माहीत नव्हतं. माझ्या नातवाला नेणाऱ्या माणसाच्या सोबत्याला पैसे द्यायला मी खिशात हात घातला होता! मला रडू आलं. लपवलं नाही, लपवण्यासारखं काही नव्हतंच.

सुमती रुसली. लोक काय म्हणतील, पहिलं काय नि दुसरं काय, लेकीचं बाळंतपण आईच्या घरी व्हायचं, असं बरंच बोलली. सकाळी उठून पाहतो तर तिनं पेटीतली मीनाची लुगडी काढून ठेवली होती आणि माझे कपडे माझ्या पिशवीत भरले होते. "तुम्ही जा," म्हणाली. "दुकान किती दिवस बंद ठेवणार? मी राहते." मीनाच्या वेळचं माहेरपण सोडलं तर एकतीस वर्षांत सुमती माझ्याशिवाय एक रात्र कुठं राहिली नव्हती. मग पुढची पंधरा मिनिटं तिनं मला घरातला कुठला डबा कुठं आहे ते सांगितलं. मी एकही लक्षात ठेवला नाही, मी तिच्याकडे बघत होतो.

डॉक्टरीण मला एकट्याला घेऊन वाईपर्यंत सुरळीत आली. वास यायचा, खिडकी उघडी ठेवली.

दीड महिन्यानं पत्र आलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी बारशाला रेल्वेनंच गेलो. दोन खोल्यांत माणसं मावेनात, म्हणून पाळणा चाळीच्या अंगणात बांधला होता. सगळं जमलं आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की कानात नाव सांगायला आत्या लागते, आणि दिलीपरावांना तर ना बहीण ना भाऊ. एकमेकींकडे बघणं सुरू झालं. शेजारणीनं आपलं नाव सुचवलं, दुसरीनं आपल्या जावेचं.

सुमती उठली. मागे, नळापाशी भांडी विसळत बसलेल्या जानीचा हात धरून तिनं तिला ओलेत्या हातांनीच पाळण्याशी आणून उभं केलं. "हिची आत्या ही," म्हणाली. जानी "नको आई, नको" म्हणत होती. मीनानं तिच्या कानात नाव सांगितलं. जानी वाकली, चिमुकल्या कानापाशी तोंड नेऊन ते बोलली, आणि रीतीप्रमाणे सगळ्या बायकांनी कुर्रर्र करून आत्याच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्यांत मोठा आवाज सुमतीच्या धपाट्याचा झाला.